साथ, कर्करोग आणि रुग्णाची वाट : लासूर स्टेशनच्या अनुषंगाने

साथीच्या रोगांचा इतिहास बहुधा त्या त्या रोगाने नेलेल्या माणसांच्या संख्येवरून लिहिला जातो. १८९६ च्या प्लेगचा व १९१८ च्या इन्फ्लुएन्झाचा इतिहास असाच लिहिला गेला, आणि २०२० मध्ये आरंभ झालेल्या कोविडच्या साथीचाही तसाच लिहिला जाण्याची चिन्हे आहेत. परंतु साथ चालू असताना इतर रोग थांबलेले नसतात. त्यांतही कर्करोगाची गोष्ट वेगळी आहे. तो हृदयविकाराप्रमाणे एका रात्रीत निकाल लावीत नाही आणि पडशाप्रमाणे आपोआप बराही होत नाही. त्याच्या बाबतीत ‘थांबता येईल काय, आणि किती?’ हा प्रश्न नेहमीच उभा असतो. साथीच्या काळात तो प्रश्न कोणी सोडविला, कोठे सोडविला आणि कोणत्या शब्दांत सोडविला, हे पाहण्यासारखे आहे.

ह्या प्रश्नाचे रूढ उत्तर असे की, तो वैद्यांनी सोडविला. एका पारड्यात विषाणूचा धोका, दुसऱ्या पारड्यात गाठ वाढण्याचा धोका, आणि मध्ये शस्त्रवैद्याचा विवेक. हे उत्तर खोटे नाही; मात्र ते अर्धे आहे. वैद्याचा विवेक चालावयास रुग्ण त्याच्या पुढे येऊन बसावा लागतो. जो येऊन बसलाच नाही, त्याच्या बाबतीतही निर्णय झालेलाच असतो. फक्त तो घेणाऱ्याचे नाव कोठे लिहिलेले नसते. मराठवाड्यातील एखाद्या लहान गावाकडून पाहू लागले की हा दुसरा भाग अधिक स्पष्ट दिसतो.

लासूर आणि लासूर स्टेशन ही दोन वेगळी ठिकाणे आहेत, हे परक्या माणसाच्या चटकन ध्यानात येत नाही. लासूर हे शिवना नदीकाठचे जुने, दाक्षायणी देवीचे गाव. लासूर स्टेशन ही लोहमार्गाने जन्मास घातलेली बाजारपेठ. निजामाच्या राजवटीत मनमाडहून गोदावरीच्या खोऱ्यातून सिकंदराबादकडे लोहमार्ग नेण्यात आला, त्यावरील हे एक स्थानक. गंगापूर तालुक्यातील कापूस व कांदा येथे येऊन पडू लागला आणि वस्ती वाढली. ह्या गावच्या कर्करोगाच्या रुग्णास दोन दिशा मोकळ्या असतात. पूर्वेस सुमारे चाळीस किलोमीटरांवर छत्रपती संभाजीनगर (२०२३ पर्यंतचे औरंगाबाद), जेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे कर्करोग रुग्णालय २०१२ मध्ये सुरू झाले व पुढे त्यास राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा मिळाला. पश्चिमेस, मनमाडवरून तीनशेहून अधिक किलोमीटर गेल्यावर मुंबई, आणि मुंबईत परळचे टाटा स्मारक रुग्णालय. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडलेले हे रुग्णालय १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याकडे व १९६२ मध्ये अणुशक्ती खात्याकडे गेले. परंतु खेड्यापाड्यांतील बोलण्यात ते केवळ ‘टाटा’ असते. ‘टाटाला नेले’ एवढे म्हटले की रोग कोणता हे निराळे सांगावे लागत नाही; रोगाचे नाव तोंडावर न आणता तो सांगण्याची ही एक रीतच होऊन बसली आहे.

मार्च २०२० मध्ये ह्या दोन्ही दिशा बंद झाल्या, आणि त्या एका जुन्या कायद्याच्या आधाराने बंद झाल्या. मुंबईच्या प्लेगमुळे १८९७ च्या फेब्रुवारीत केलेला साथरोग कायदा मूळचा अवघ्या चार कलमांचा होता. त्यात शासनास जे अधिकार दिले, त्यांत रेल्वेने अथवा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी आणि संशयितांचे विलगीकरण ह्यांचा उल्लेख नावानिशी आहे. म्हणजे ह्या कायद्याची नजर प्रथमपासून प्रवाशावर होती. महाराष्ट्र शासनाने १३ मार्च २०२० रोजी तो अमलात आणला. त्यानंतर २२ मार्चपासून प्रवासी गाड्या थांबल्या, २३ मार्चला जिल्ह्यांच्या सीमा बंद करण्याची घोषणा झाली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली.

येथे मराठवाड्यापुरती एक नोंद करणे अस्थानी होणार नाही. १८९७ मध्ये लासूर ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हते, निजामाच्या मुलखात होते. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला. तरीही १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी ‘ब’ वर्ग राज्यांत मोडणारा भूभाग वगळण्याचे शब्द केंद्रीय कायद्याच्या मजकुरात तसेच राहिले होते. २२ एप्रिल २०२० च्या वटहुकमाने ते गाळण्यात आले. बंदोबस्त तर महिनाभर आधीच सर्वत्र सुरू झाला होता. कायद्याचा मजकूर व्यवहाराच्या मागून लंगडत येतो, ह्याचे इतके नेमके उदाहरण क्वचित सापडते.

ह्या आदेशांत आजाऱ्यास मज्जाव नव्हता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. वैद्यकीय निकडीसाठी प्रवासाची सवलत होती आणि आंतरजिल्हा प्रवासास लागणारा परवाना वैद्यकीय कारणास्तव मिळू शकत असे. २ सप्टेंबर २०२० पासून परवान्याची अट काढून टाकण्यात आली. परंतु निकड सिद्ध कशाने करावयाची? रुग्णालयाच्या कागदाने. ज्याची केमोथेरपी चालू होती त्याच्यापाशी केसपेपर होता, पुढची तारीख होती, शिक्का होता. जिच्या स्तनात नुकतीच गाठ हातास लागली होती, अथवा ज्याच्या गालातील पांढरा चट्टा भरून येत नव्हता, त्याच्यापाशी दाखविण्यासारखे काहीच नव्हते. आपणांस कर्करोग आहे हे ठरविण्यासाठीच त्यास जावयाचे होते. सवलत कागद असलेल्यास होती. कागद मिळविण्याच्या प्रवासास ती लागू पडेलच, असे नव्हते. शिवाय वाहन मिळणे ही गोष्ट वेगळीच. लोहमार्ग मोकळा दिसे, परंतु त्यावरून केवळ मालगाड्या धावत होत्या. ८ मे २०२० च्या पहाटे ह्याच मार्गावर करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ परप्रांतीय मजूर मालगाडीखाली मरण पावले.

आता रुग्णालयाच्या आतील निर्णयाकडे वळू. साथीच्या आरंभी वैद्यांच्या हाती आधार फारच थोडा होता. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ ह्या नियतकालिकात चीनमधील १,५९० कोविड रुग्णांचा वृत्तान्त आला. त्यांत कर्करोगाचा इतिहास असलेले अवघे १८ होते. त्या अठरांपैकी सातांची, म्हणजे ३९ टक्क्यांची, प्रकृती गंभीर झाली वा ते दगावले. इतरांत हे प्रमाण ८ टक्के होते. अठरा माणसांवरून जगभरच्या कर्करुग्णांविषयी अनुमान काढणे धाडसाचे होते, पण दुसरे काही उपलब्ध नव्हते. अनेक देशांतील मार्गदर्शक सूचनांचा कल त्यामुळे पुढे ढकलण्याकडे झुकला. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने मार्चमध्ये शस्त्रक्रियांची प्रतवारी केली: चोवीस तासांत करावयाच्या, बहात्तर तासांत करावयाच्या, चार आठवड्यांत करावयाच्या आणि दहा ते बारा आठवडे थांबू शकणाऱ्या.

ह्या प्रतवारीतील तिसरी पायरी भाषेच्या दृष्टीने लक्षणीय आहे. रोग बरा करण्याच्या उद्देशाने चार आठवड्यांच्या आत करावयाची, म्हणजे जिच्यावर जीव अवलंबून आहे अशी, शस्त्रक्रियाही तेथे ‘इलेक्टिव्ह’ ह्याच वर्गात पडते. इंग्रजी वैद्यकीय परिभाषेत ह्या शब्दाचा अर्थ एवढाच की शस्त्रक्रियेची वेळ निवडता येते. शस्त्रक्रिया करावी की नाही हे निवडावयाचे असते असा नव्हे. मराठीत मात्र ह्या शब्दास ‘नियोजित’ असाही प्रतिशब्द योजला जातो आणि ‘ऐच्छिक’ असाही. पहिला शब्द वेळेकडे बोट दाखवितो, दुसरा इच्छेकडे. शाळेत ‘ऐच्छिक विषय’ म्हणजे जो घेतला नाही तरी चालतो तो. ‘ऐच्छिक शस्त्रक्रिया तूर्त बंद’ असे वाचणाऱ्याने आपली शस्त्रक्रिया नडीची नाही असा समज करून घेतला, तर तो दोष वाचणाऱ्याचा म्हणता येणार नाही. परिभाषा हा विद्वानांच्या समित्यांचा विषय मानला जातो. येथे तिचा संबंध शरीराशी आला.

अशीच गोष्ट ‘तारीख’ ह्या शब्दाची. कचेरीत आणि रुग्णालयात तारीख ‘मिळते’, ‘पडते’ आणि ‘पुढे जाते’. तिन्ही क्रियापदे अकर्तृक आहेत. तारीख पुढे कोणी नेली हे वाक्यातून कळत नाही. साथीच्या काळात कर्करुग्णांच्या घरोघरी हे वाक्य उच्चारले गेले असेल, आणि व्याकरणाने कर्त्यास दिलेले संरक्षण त्यात जसेच्या तसे होते.

टाटा स्मारक केंद्राने मात्र इतरत्र निघालेल्या सूचनांहून निराळी वाट धरली. संचालक डॉ. राजेंद्र बडवे व रुग्णालयाचे प्रमुख डॉ. सी. एस. प्रमेश ह्यांनी २०२० च्या एप्रिलअखेर ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये भारतातील परिस्थितीविषयी आपली बाजू मांडली, आणि शल्यविभागाने जे प्रत्यक्ष केले त्याचा हिशेब ‘अ‍ॅनल्स ऑफ सर्जरी’त दिला. २३ मार्च ते ३० एप्रिल २०२०, म्हणजे टाळेबंदी अत्यंत कडक असताना, परळला ४९४ नियोजित कर्क-शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी ४२३ अवघड प्रतीच्या होत्या. रुग्णांचे मध्यम वय ४८ वर्षे. साठीपुढचे केवळ ६४. मोठी गुंतागुंत २८ जणांत झाली, शस्त्रक्रियेनंतर मृत्यू एकही नाही. पुढे २६ जणांची कोविड चाचणी करण्यात आली, तीत सहा जण बाधित निघाले, आणि त्यांतील कोणासही कोविडसाठी अतिदक्षता विभागात न्यावे लागले नाही.

ह्याच सुमारास, मे २०२० च्या अखेरीस, २४ देशांतील २३५ रुग्णालयांचा एक अहवाल ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यात शस्त्रक्रियेच्या आगेमागे कोविडची बाधा झालेल्या १,१२८ रुग्णांपैकी २३.८ टक्के तीस दिवसांत दगावल्याचे नमूद होते. दोन्ही आकडे शेजारी ठेवून परळचा विजय घोषित करण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. एका यादीत सर्वच बाधित होते, दुसरीत बाधित ज्ञात असलेले थोडे. एका यादीत सर्व प्रकारच्या शस्त्रक्रिया व पुष्कळसे वृद्ध होते, दुसरीत तुलनेने तरुण व धडधाकट. परळच्या हिशेबाने एवढेच सिद्ध होते की, साथीचा जोर मर्यादित असता, रुग्णांची निवड व व्यवस्था नीट ठेवली असता, दार बंद करणे अपरिहार्य नव्हते. तेवढेही पुष्कळ आहे. कारण थांबण्याची किंमत किती, ह्याचे मोजमाप पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले: १२ लाख ७२ हजारांवर रुग्णांच्या ३४ अभ्यासांचे एकत्रीकरण करता, शस्त्रक्रियेस चार आठवड्यांचा विलंब झाल्यास मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो असे दिसून आले. एप्रिलमध्ये सुरी हाती घेणाऱ्यांपुढे हा आकडा नव्हता.

साथीने उपचारांचे रूपही बदलले, किंबहुना आधीच चालू असलेल्या बदलास गती दिली. स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतरचे किरणोपचार पूर्वी पाच आठवडे, पुढे तीन आठवडे चालत. एप्रिल २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ‘फास्ट-फॉरवर्ड’ चाचणीने ४,०९६ रुग्णांच्या आधारे दाखविले की, तीन आठवड्यांत पंधरा वेळा मिळून ४० ग्रे देण्याऐवजी एका आठवड्यात पाच वेळा मिळून २६ ग्रे दिल्यास रोग उलटण्याच्या दृष्टीने काही उणे पडत नाही. लंडनच्या रुग्णास हा दहा फेऱ्यांचा फरक. लासूर स्टेशनच्या रुग्णास तो शहरात खोली भाड्याने घ्यावी लागते की नाही ह्याचा फरक ठरू शकतो.

मराठवाड्यास अधिक जवळची गोष्ट तोंडाच्या कर्करोगाची, कारण तंबाखू येथल्या शेताच्या बांधावरही आहे. शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या डोक्या-मानेच्या कर्करोगात शिरेतून द्यावयाच्या सिस्प्लॅटिनऐवजी मेथोट्रेक्झेट आणि सेलेकॉक्सिब ह्या दोन स्वस्त औषधांच्या गोळ्या घरी घ्याव्यात काय, ह्याची चाचणी टाटा रुग्णालयात २०१६ ते २०२० मध्ये ४२२ रुग्णांवर झाली. गोळ्या घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान ७.५ महिने, सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांचे ६.१ महिने. हा अभ्यास साथीसाठी केलेला नव्हता. तो गरिबीसाठी केलेला होता. परंतु २०२० मध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा, ज्या रुग्णास रुग्णालयात यावयास लावू नये अशी सर्वांचीच इच्छा होती, त्याच्यासाठी तो तयार मिळाला. दूरध्वनीवरून सल्ला देण्याचे अधिकृत नियमही २५ मार्च २०२० रोजीच निघाले, ज्या दिवशी देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. अर्थात दूरध्वनीवरून गोळ्यांचे प्रमाण बदलता येते. गाठ चाचपता येत नाही.

आणि येथेच मूळ प्रश्नाकडे परत यावे लागते. राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातील (हे जाळे २०१२ मध्ये स्थापन झाले) ४१ केंद्रांनी १ मार्च ते ३१ मे २०२० ह्या तिमाहीची आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी तुलना केली व ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. किरणोपचार घेणारे रुग्ण ५१,१४२ वरून ३९,३६५ वर आले, म्हणजे २३ टक्के घट. बाह्यरुग्ण केमोथेरपीत ३७ टक्के घट. मोठ्या शस्त्रक्रिया १७,१२० वरून ८,६७७ वर, म्हणजे ४९ टक्के घट. नवीन रुग्णांची नोंदणी १,१२,२७० वरून ५१,७६० वर, म्हणजे ५४ टक्के घट. आणि रोगाची लक्षणे नसलेल्यांची चाळणी-तपासणी ७० टक्क्यांहून अधिक केंद्रांत एक तर पूर्ण बंद होती किंवा चौथाईपेक्षाही कमी चालू होती.

हे आकडे ज्या क्रमाने येथे मांडले आहेत तो क्रम योगायोगाचा नाही. रुग्ण जितका रुग्णालयाच्या आत, तितकी घट कमी. जितका बाहेर, तितकी अधिक. किरणोपचार रोजच्या रोज चालतात, त्यामुळे तो रुग्ण बहुधा रुग्णालयाच्या आसपास मुक्कामास आलेला असतो. जो अजून नोंदलाच गेलेला नाही तो आपल्या गावी असतो. वैद्यांचा विवेक हाच जर मुख्य निर्णायक असता, तर सर्वाधिक घट त्यांनी पुढे ढकललेल्या उपचारांत दिसली असती. प्रत्यक्षात नवीन नोंदणी, जिच्याविषयी कोणत्याही वैद्यकीय मंडळाने काही ठरविलेले नव्हते, ती शस्त्रक्रियांहूनही अधिक घसरली. महानगरांतील केंद्रांत घट जास्त व लहान शहरांतील केंद्रांत कमी, असेही त्याच अभ्यासात आढळले. परळपर्यंतची वाट तुटली, जिल्ह्याच्या ठिकाणची काहीशी टिकली, असा त्याचा अर्थ लावता येतो. ह्या आकड्यांत दुसरे मत घेण्यास येणारे, रोग नसल्याचे निष्पन्न होणारे असेही लोक असतात, म्हणून घटलेला प्रत्येक जण उपचारास मुकला असे समजू नये. तरीही उतार इतका स्पष्ट आहे की तो दृष्टीआड करता येत नाही.

न झालेली पहिली भेट किती महागात पडते, ह्याचा पुरावा मराठवाड्याच्याच भूमीत आहे, आणि तो साथीच्या पुष्कळ आधीचा आहे. १९९९ पासून उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांना सामावून घेणारी एक चाचणी टाटा केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय व आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था ह्यांनी केली. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच केलेल्या एच. पी. व्ही. तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. त्याही पूर्वी, १९८७ मध्ये, बार्शीस ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिचे कार्यकर्ते गावोगाव फिरून रुग्णांची नोंद करीत आणि त्या ओघात लोकांशी बोलत. काही वर्षांत असे दिसून आले की, कोणतेही नवे यंत्र न आणता, केवळ ह्या बोलण्याने, गर्भाशयमुखाचा कर्करोग अलीकडच्या अवस्थेत ध्यानात येऊ लागला. म्हणजे ह्या भागात रोगाचे भवितव्य बऱ्याच अंशी गावात आलेल्या माणसावर आणि गावाबाहेर पडलेल्या पहिल्या पावलावर ठरत होते. २०२० मध्ये ही दोन्ही माणसे घरी बसली.

एप्रिल २०२१ च्या दुसऱ्या लाटेत २२ तारखेपासून महाराष्ट्रात जिल्ह्याबाहेरच्या प्रवासावर पुन्हा निर्बंध आले. तोवर रुग्णालये बरेच शिकली होती. चाचण्या होत्या, लस येत होती. त्याच वर्षी ६१ देशांतील २०,००६ कर्करुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सौम्य निर्बंध असता ठरलेली शस्त्रक्रिया न होण्याचे प्रमाण ०.६ टक्का होते. पूर्ण टाळेबंदीत ते १५ टक्के. हेही, लक्षात ठेवावे, ज्यांची शस्त्रक्रिया ठरली होती त्यांचे प्रमाण आहे.

ज्यांची ठरलीच नव्हती त्यांचा शोध कोठे घ्यावा, ही ह्या विषयाच्या अभ्यासकापुढची खरी अडचण. रुग्णालयाचे दफ्तर नोंदणीच्या दिनांकापासून सुरू होते. मात्र केसपेपरवर ‘तक्रार किती दिवसांपासून’ हे रुग्णाच्या तोंडून विचारून लिहिलेले असते, आणि तेथे एक वाट सापडते. खेड्यातील माणूस ह्या प्रश्नास महिन्यांत उत्तर देत नाही. तो ‘दिवाळीच्या आधी’ म्हणतो, ‘कांदा काढायला लागलो तेव्हा’ म्हणतो, ‘थोरलीच्या लग्नात’ म्हणतो. लिहिणारा मनातल्या मनात मोजून महिने लिहितो. २०२० नंतर ह्या कालगणनेत ‘लॉकडाऊन लागला तेव्हा’ ही एक नवी खूण दाखल झाली. २०२० ते २०२२ मधील केसपेपरांवरचे हे महिने नोंदणीच्या दिनांकातून वजा केले, तर गाठ हातास लागल्याचा दिवस आणि लासूर स्टेशनहून निघाल्याचा दिवस ह्यांतील अंतर हाती येईल. त्याच्या जोडीस त्या परिसरातील आरोग्य केंद्रांच्या बाह्यरुग्ण नोंदवह्या, स्थानकावरील तिकिटविक्री आणि कांद्याच्या आवकीचे बाजार समितीचे आकडे ठेवता येतील, कारण ‘कांदा काढायला लागलो तेव्हा’ म्हणजे नेमके केव्हा, हे त्यांवरूनच ठरवावे लागेल.